स्वस्ताई कोठे केली आहे?

घरात एखादी मोठी वस्तू आणायची म्हटली म्हणजे आपल्याकडे तिच्याविषयी चार दिवस बोलणे होते. कपाट कोणत्या लाकडाचे, शिलाईयंत्र पायाचे की विजेचे, फ्रिजला जागा कोठली, हे सारे घरातील माणसे मिळून ठरवतात. संगणकाच्या बाबतीत मात्र हे बोलणे बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. ‘केवढ्याला मिळाला?’ हा एकच प्रश्न शेजारी विचारतात आणि आपणही मनाशी तोच विचारत राहतो. २०२५ च्या पावसाळ्यानंतर आमच्या कोपरखैरण्याच्या घरात हा विषय निघाला, तो जवळजवळ दोन महिने चालला. त्या चर्चेतून जे हाती लागले ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्यापुढे गरजा दोन होत्या आणि रक्कम एक. धाकटी मुलगी अकरावीत, विज्ञान शाखेत. अभ्यासाचा बराच भाग ती मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर डोळे ताणून वाचत होती. दुसरी गरज माझी. माझे वडील वसईच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. सुट्टीच्या दिवसांत वाडीवाडीवर फिरून वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेली कादोडी बोलीतील लग्नगीते त्यांनी वह्यांत उतरवून ठेवली आहेत. अशा सात वह्या माझ्याकडे आल्या. त्यांतील काही पाने पेन्सिलीने लिहिलेली आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरू लागली होती आणि पेन्सिलीची अक्षरे पुसट होत चालली होती. ज्यांना ती गीते पाठ होती त्यांच्यापैकी आता फारच थोड्याजणी उरल्या आहेत. या वह्या टंकलिखित करून ठेवायच्या तर आणखी पाच वर्षे थांबण्याची सोय नव्हती. बाजूला काढलेली रक्कम तीस हजार रुपयांची. एवढ्यात दोन यंत्रे येणे शक्य नव्हते.

ऐरोलीला नोकरी करणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, सरळ लॅपटॉप घ्या. उद्या ती कॉलेजला घेऊन जाईल.” मुलीने मैत्रिणीकडे एक मिनी संगणक पाहिला होता. तिने त्याचे नाव काढले. पत्नीने एकच प्रश्न विचारला, “बंद पडला तर दुरुस्त कोण करणार?” पुढे लक्षात आले की सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता.

या ‘मिनी’ शब्दाचीही एक गंमत आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत ज्याला मिनी संगणक म्हणत, तो कपाटाएवढा असे. खोली व्यापणाऱ्या यंत्रांच्या मानाने तो लहान, एवढाच त्या नावाचा अर्थ. १९६५ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने बाजारात आणलेला पी.डी.पी.-८ हा त्या जातीतला सर्वांत गाजलेला. आज मिनी संगणक म्हणजे जेवणाच्या चपट्या डब्याएवढी पेटी. तिच्यात गणन करणारी चिप, स्मृती म्हणजे रॅम आणि साठवणीची एस.एस.डी. एवढेच असते. पडदा, कीबोर्ड, माऊस आपला आपण जोडायचा. मॉनिटरच्या पाठीमागे चार स्क्रूंनी ती अडकवली तर दिसतही नाही.

स्वस्त संगणकाचे स्वप्न आपल्याकडे नवे नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ या टॅबलेटचे प्रकाशन झाले, तेव्हा सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. साऱ्या जगात त्याची चर्चा झाली. परंतु त्याची चिप ३६६ मेगाहर्ट्झची, रॅम २५६ मेगाबाइट आणि पडदा असा की बोटाने नुसता स्पर्श करून भागत नसे, दाबावे लागे. मुलांच्या हाती तो आला आणि संथपणाच्या तक्रारी सुरू झाल्या. नंतर पवईच्या आय.आय.टी.च्या देखरेखीखाली सुधारलेला ‘आकाश २’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. त्यात चिप वेगवान झाली, रॅम दुप्पट झाली आणि पडदाही बदलला. पहिल्या खेपेला पैसा नेमका जेथे वाचवायला नको होता तेथे वाचवला गेला होता, हेच त्या सुधारणेने सांगितले.

याउलट एक उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातील आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली खैरात या लहानशा गावच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती आणि चिपही साधीच होती. मात्र पडदा भर उन्हात वाचता येईल असा होता, कीबोर्डात धूळ शिरू नये म्हणून तो रबरी आवरणाने बंद केलेला होता आणि वीज अगदी थोडी लागे. खेड्यातल्या मुलाला जे हवे ते राखून बाकीचे काढले होते. शंभर डॉलरचे उद्दिष्ट मात्र गाठता आले नाही. किंमत जवळजवळ दुपटीवर गेली.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे स्वस्त यंत्राला विचारायचा प्रश्न सापडतो. ‘तू केवढ्याला?’ असे विचारून पुरत नाही. ‘तुझ्यात स्वस्ताई कोठे केली आहे?’ असे विचारावे लागते. जे आपल्याला लागणारच नाही ते काढून किंमत उतरली असेल तर तो आपला लाभ. जे लागणार आहे ते काढले असेल, तर वाचलेला पैसा पुढे व्याजासकट जातो.

या कसोटीवर मिनी संगणकाकडे पाहू. त्यातून प्रथम काढली आहे ती बॅटरी. लॅपटॉपची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते आणि पुन्हा खर्च करावा लागतो, हे खरे. परंतु वीज गेली की मिनी संगणक त्याच क्षणी बंद पडतो आणि लिहिलेले जाते. म्हणून यू.पी.एस. घ्यावाच लागतो. दुसरा काढलेला भाग पडद्याचा. येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. जाहिरातीत दिसते ती किंमत नुसत्या पेटीची असते. कधी तर त्या पेटीत रॅम आणि एस.एस.डी.ही नसते, आणि तसे बारीक अक्षरांत छापलेले असते.

आमचा हिशेब असा झाला. सोळा जी.बी. रॅम आणि ५१२ जी.बी. साठवण असलेली पेटी १८,५००, बावीस इंची मॉनिटर ६,५००, कीबोर्ड आणि माऊस ९००, यू.पी.एस. २,९००. एकूण २८,८०० रुपये. त्याच रकमेच्या आसपास निम्म्या रॅमचा साधा लॅपटॉप मिळत होता. म्हणजे ‘स्वस्त’ म्हणून मिनी संगणकाकडे वळलेल्या माणसाला शेवटी फारशी बचत होत नाही. ज्यांच्या घरी जुना मॉनिटर पडून आहे त्यांचीच खरी बचत. दूरदर्शन संचाला तो जोडता येतो, पण ज्या खोलीत घर बसते त्याच खोलीत अभ्यास आणि बातम्या यांचे भांडण लागते, शिवाय दुरून बारीक अक्षरे वाचून डोळे शिणतात.

मग तो घ्यावा कशासाठी? कारण सुट्या भागांचे आयुष्य सारखे नसते. चांगला मॉनिटर दहा वर्षे टिकू शकतो, चिप त्याआधीच जुनी होते, कीबोर्ड त्याहूनही लवकर जातो. लॅपटॉपात हे सारे एकत्र शिवलेले असते. बिजागरी तुटली किंवा पडद्याला तडा गेला तर चांगल्या चिपचीही अडचण होते. मिनी संगणकात जे बिघडले तेवढेच बदलायचे. पत्नीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे होते. उरलेले अर्धे असे, की पेटी उघडता यावी, रॅम बोर्डाला कायमची डकवलेली नसावी आणि हमी देणाऱ्या कंपनीचे केंद्र मुंबई परिसरात असावे. एका दुकानदाराने बिलाशिवाय दोन हजारांनी कमी किंमत सांगितली. बिल नाही म्हणजे हमी नाही. त्यातील विंडोज अधिकृत आहे का, असे विचारल्यावर त्याने विषय बदलला. आम्ही तेथून निघालो.

विजेचा विचारही करण्याजोगा आहे. इंटेलची एन १०० ही चिप २०२३ साली आली. तिची उष्णतामर्यादा अवघी ६ वॅटची. संपूर्ण पेटी साध्या कामाला वीस वॅटच्या आत-बाहेर घेते. जुना डेस्कटॉप शंभर वॅट घेतो असे धरले आणि रोज पाच तास काम झाले, तर महिन्याला एकाचे तीन युनिट आणि दुसऱ्याचे पंधरा युनिट होतात. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर महावितरणच्या बिलात सुमारे शंभर रुपयांचा फरक पडतो. ही काही मोठी रक्कम नव्हे, पण वीज कमी म्हणजे उष्णताही कमी आणि पंख्याचा आवाजही कमी. सिडकोच्या लहान घरात एकजण झोपलेला असताना दुसऱ्याला काम करता येते.

जुने यंत्र घेण्याचाही मार्ग आहे. मोठ्या कार्यालयांनी मुदतीनंतर काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप दुरुस्त होऊन बाजारात येतात. त्यांची बांधणी बहुधा नव्या स्वस्त पेट्यांपेक्षा मजबूत असते. मात्र विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठव्या पिढीची वा त्यापुढची चिप लागते. त्याआधीच्या यंत्रावर लिनक्स घालून घेण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे. मुलीला आणखी एक मोह होता, तो रास्पबेरी पाय या पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डाचा. विद्यार्थ्यांना यंत्राच्या अंतरंगाची ओळख व्हावी म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथे तो तयार झाला आणि २०१२ साली विक्रीस आला. शिकण्यासाठी तो उत्तम आहे. पण घरातील सर्वांना रोज वापरायचे यंत्र म्हणून त्याच्यापाशी फार धीराने बसावे लागते.

आम्ही विचार करीत होतो त्याच आठवड्यांत रॅमच्या किमती चढू लागल्या. २०२५ च्या अखेरीस जगभरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपांना एवढी मागणी आली, की चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि घरगुती ग्राहकाला तो महाग पडू लागला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे आमच्या पिढीने रसायनांचे कारखाने पाहिले, तेथे रबाळे, महापे, ऐरोली भागांत आता डेटा सेंटरांच्या उंच इमारती उभ्या आहेत. आमच्या घरासमोरच्या त्या इमारतींची भूक आमच्या डब्याएवढ्या पेटीच्या किमतीवर परिणाम करते, हे कळल्यावर बाजाराचे जाळे किती दूरवर पसरले आहे ते उमगले. उशीर करण्यात फायदा नव्हता.

अखेर निर्णयाला कारण ठरली ती एक उणीवच. मिनी संगणक उचलून नेता येत नाही. पुतण्याच्या दृष्टीने हा त्याचा मोठा दोष, आणि महाविद्यालयात रोज यंत्र न्यावे लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो दोषच आहे. त्याने लॅपटॉपच घ्यावा. पण आमच्याकडे दोघांना एकाच यंत्रावर काम करायचे होते. लॅपटॉप असता तर तो मुलीच्या दप्तरात गेला असता, मग तिच्या खोलीत, आणि वह्या कपाटातच राहिल्या असत्या. टेबलावर बसवलेले यंत्र कोणा एकाचे होत नाही. आम्ही मिनी संगणक घेतला आणि वेळ वाटून घेतली. संध्याकाळी साडेआठपर्यंत मुलगी, त्यानंतर मी.

इन्स्क्रिप्ट ही सरकारमान्य मराठी कळपद्धती विंडोज आणि लिनक्स दोहोंत असतेच, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी तिची रचना तीन आठवड्यांत हाताला बसली. युनिकोडमध्ये लिहिण्याचा आग्रह मात्र प्रत्येकाने धरावा. नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर आज दुसऱ्या यंत्रावर उघडला तर कित्येकदा निरर्थक चिन्हांची रांग दिसते. वडिलांच्या गीतांचे तसे होऊ नये. एस.एस.डी. पूर्वसूचनेशिवाय बंद पडू शकते, म्हणून उरलेल्या पैशांतून दोन पेन ड्राइव्ह घेतले. एक घरात असतो, दुसरा वसईला बहिणीकडे. मूळ पानांची छायाचित्रेही दोन्हींत आहेत.

आजवर तीन वह्या पुऱ्या झाल्या. चौथीत पेन्सिलीची पाने आहेत. त्यांचे छायाचित्र मुलगी पडद्यावर मोठे करून, उजेड-अंधार कमीजास्त करून देते आणि पुसट शब्द वर येतो. तरीही अडले तर ती वसईला आत्याला दूरध्वनी करते. मागच्या आठवड्यात एका ओळीसाठी आत्याने सारे गीतच चालीवर म्हणून दाखवले आणि वहीत नसलेली दोन कडवी मिळाली. बारावीनंतर मुलीला लॅपटॉप घ्यावा लागेल, याची मला कल्पना आहे. त्यासाठी महिन्याला थोडे बाजूला ठेवतो. वह्या मात्र तोवर थांबल्या नसत्या.