चव घेणं वेगळं, पिणं वेगळं

मराठी घरात 'वाइन' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे दारूच ना?" माझाही तोच होता. माहेरी काकांच्या व्यसनापायी काकूंचे दागिने एकेक करून सोनाराकडे गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे लग्नानंतर बंगळूरला आल्यावर ह्यांनी लाल वाइनची बाटली घरी आणली, तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "आधी मला ही वस्तू कळू दे. मग ती घरात ठेवायची की नाही ते ठरवू."

कळून घ्यायला बंगळूर सोयीचं. साठेक किलोमीटरवर नंदी हिल्सच्या परिसरात द्राक्षांचे मळे आहेत. इथल्या गर्द जांभळ्या 'बंगलोर ब्लू' द्राक्षाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यापासून स्वस्त, गोड वाइन होते. कोरड्या वाइनसाठी मात्र शिराजसारख्या परदेशी जाती लावतात. 'कोरडी' म्हणजे जिच्यातली साखर आंबताना जवळजवळ संपलेली असते.

काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकटच असतो. तो सालींसकट आंबवतात, म्हणून रंग लाल होतो. तुरटपणाही मुख्यतः सालींचा आणि बियांचाच. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, अगदी तसा!

चव घ्यायला महागडी बाटली लागत नाही. किमतीत आयात शुल्क, ओकच्या लाकडी पिंपांचा खर्च, मुरवण्याची वर्षं असं बरंच काही असतं. साध्या देशी बाटलीतही मन लावलं तर पुष्कळ सापडतं. बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. पेला एक तृतीयांशच भरावा, हलकेच फिरवावा आणि आधी वास घ्यावा. मग छोटा घोट जिभेवर घोळवावा. आंबट किती, तुरट किती, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, एवढंच पाहायचं. झणझणीत रश्श्याबरोबर ती जहाल लागते. भाजलेले शेंगदाणे किंवा कमी तिखटाचं मटण बरं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी, नाहीतर चव उतरते.

हो, पण ती औषध नव्हे. 'हृदयाला चांगली' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. लाल वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून जास्त. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करण्याचं काहीच कारण नाही.

म्हणून आमच्या घरचे नियम साधे आहेत. एकच पेला, तोही कधीतरी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. त्यानंतर गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. पेला संपल्यावर दुसरा भरावासा वाटला, तर चव संपून सवय सुरू झाली असं समजायचं. मुलं आपण काय पितो ते पाहतात, तसंच आपण कुठे थांबतो तेही पाहतात.