सांबरशिंगाची मूठ

अब्बा जहाजावर होते. हॅम्बुर्गहून आणलेला त्यांचा शिकारी सुरा हा माझ्या संग्रहातला पहिला. त्याने त्यांनी आंब्याशिवाय काही कापल्याचं मला आठवत नाही. पात्यावर ‘पुमा’ आणि ‘सोलिंगेन’, मुठीपाशी पाच आकडी क्रमांक. 1964 पासून कंपनी तो घालू लागली. त्यावरून सुऱ्याचं साल निघतं.

मूठ सांबराच्या शिंगाची. सोलिंगेनचे कारागीर ही शिंगं भारतातून मागवत, कारण ती भरीव असतात. म्हणजे शिंग इथून गेलं आणि सुरा होऊन अब्बांच्या पेटीतून रत्नागिरीला परत आलं!

दुसरा सुरा पाणबुड्याचा, मुंबईत दारूखान्याच्या भंगारात मिळालेला. म्यान पितळी. त्यात सुरा नुसता खुपसायचा नाही, आट्यांवर फिरवून बसवायचा, म्हणजे समुद्राच्या तळाशी कमरेवरून निसटत नाही. लंडनची सीब गॉर्मन कंपनी असे सुरे बनवत असे. माझ्या सुऱ्यावर नाव उरलेलं नाही.

नऊ इंचांहून लांब पातं मी घेत नाही, शस्त्र नियमांतली मर्यादा ती. अम्मीला हे कितीदा सांगितलं. ती म्हणते, “कायदा तुला पाठ आहे रे. दार वाजवणाऱ्याला असेल का?” शेजारच्या काकांच्या भिंतीवर तलवार आहे, तिला सगळे हौस म्हणतात. मीही म्हणतो.

गेल्या ईदला पाहुणे येणार म्हणून अम्मीने दोन्ही सुरे तांदळाच्या डब्यात दडवले. महिन्याने काढले तर गंजाचा एक ठिपका नाही. तांदूळ ओल शोषून घेतो. तिला हे अजून सांगितलेलं नाही.