निवृत्तीनंतरचा पाठ

पेन्शन घेतल्यापासून आपण घरांतील अडगळ झालों, असें मला वाटूं लागलें होतें. अशा वेळीं स्नूकरपटु रे रिअर्डन यांची हकीकत वाचनांत आली. वेल्समधील ट्रेडेगर गांवचे हे गृहस्थ चवदाव्या वर्षीं कोळशाच्या खाणींत उतरले. खेळासाठीं हात जपावे म्हणून तेथें ते हातमोजे घालीत. पुढें दरड कोसळून तीन तास गाडले गेले. मग खाण सोडून पोलीस झाले, आणि १९६७ सालीं धंदेवाईक खेळाडू. १९७० ते १९७८ या काळांत सहा वेळां ते जगज्जेते झाले. परंतु माझें मन अडकलें तें २००४ सालापाशीं. त्या वर्षीं एकाहत्तर वर्षांच्या या वृद्धाच्या मार्गदर्शनाखालीं रॉनी ओसलिव्हन यांनीं जगज्जेतेपद जिंकलें. २०२४ सालीं रिअर्डन निवर्तले. मीं मात्र नातवाला हांक मारली आणि शब्दरूपावली पुन्हां उघडली.