आजोबांची बंदूक विकायची कशी? साताऱ्या-सांगलीच्या इतिहासातून एक उत्तर

१/ साताऱ्याकडचे जुने वाडे असोत वा सांगलीकडची मळ्यांतील घरे, काही कुटुंबांत आजोबांची दुनळी बंदूक अजूनही आहे. कधीकाळी पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी रीतसर परवाना काढून घेतलेली. परवानाधारक वारला की घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो : ही विकायची कोणाला आणि कशी? उत्तर १९५९च्या शस्त्र कायद्यात आहे. ते इतके सावध का, हे समजण्यासाठी मात्र १८५७पर्यंत मागे जावे लागते.

२/ साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे घालवली. पदरी निराशाच आली. १८५७मध्ये त्यांचा उठावाचा बेत उघडकीस आला. ते निसटले, परंतु ८ सप्टेंबर रोजी साताऱ्याच्या गेंडा माळावर १७ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत त्यांचा पुत्र सीतारामही होता.

३/ त्याच वर्षी निःशस्त्रीकरणाचा कायदा आला आणि दक्षिणेकडील मराठा संस्थानांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. नोव्हेंबरात कंपनीच्या फौजेने ते गाव जाळले. अनेकांना फाशी झाली. बेरडांच्या दृष्टीने हत्यार म्हणजे उपजीविका आणि प्रतिष्ठा होती. सरकारच्या दृष्टीने तो केवळ संशय होता.

४/ लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८च्या शस्त्र कायद्याने हाच संशय कायम केला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट, अशी ही व्यवस्था होती. बंदूक कोणाच्या हाती असावी याचे उत्तर वंशावरून ठरत होते, ही या कायद्याची खरी बोच होती.

५/ म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवला गेला. पुढे १९४३पासून तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलच्या तुफान सेनेने परवान्याची वाट पाहिली नाही, हे सांगायला नकोच. तेच कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला १९६०मध्ये सांगली हे नाव मिळाले.

६/ डिसेंबर १९४८मध्ये हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आणण्याची सूचना संविधान सभेत मांडली. शालेय शिक्षणाची सुरुवात साताऱ्यात झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला : असा हक्क सरसकट दिला तर तो सराईत गुन्हेगारालाही मिळेल. सूचना फेटाळली गेली. शस्त्र हा मूलभूत हक्क झाला नाही; तो कायद्याने नियंत्रित केलेला विषय राहिला.

७/ १९५९चा कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. त्याचा गाभा एका भेदात आहे : मालकी वेगळी, ताबा वेगळा. बंदूक कुटुंबाची मालमत्ता असू शकते. ती हाती ठेवण्याचा अधिकार मात्र परवान्यावर नाव असलेल्या व्यक्तीलाच. १८५७च्या सरकारने दोन्ही एकदमच हिरावले होते.

८/ आता विक्री. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेली बंदूक विकण्यास विक्रेत्याचा वेगळा परवाना लागत नाही. पण खरेदीदार ती बाळगण्यास पात्र असावा लागतो. विकण्याचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. म्हणून खरेदीदाराकडे आधीच दोन असतील तर व्यवहार तिथेच थांबतो. हे नियम डावलून केलेली विक्री शिक्षापात्र गुन्हा आहे.

९/ परवानाधारक वारला असेल तर क्रम बदलतो. ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतःचा परवाना मिळवून ती परत घेऊ शकतो, अथवा पात्र व्यक्तीला विकू शकतो. मुदत उलटली तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१६च्या नियमांत वारशाची आणखी एक वाट आहे : धारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो.

१०/ ‘फार जुनी आहे, तिला परवाना कशाला?’ हा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. केवळ वयाने सूट मिळत नाही. जुन्या घडणीची किंवा मोडकी बंदूक दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसेल, तरच ती परवान्यातून सुटते.

११/ हलगलीत हत्यार देण्यास नकार देणाऱ्याला दाद मागण्याची जागाच नव्हती. आज जमा केलेल्या बंदुकीची पावती मिळते, परवाना नाकारल्यास अपील करता येते आणि विक्रीची रक्कम मालकाचीच राहते. मात्र या साऱ्याचा लाभ बंदूक वेळेत जमा करणाऱ्यालाच. आजोबांची आठवण म्हणून ती माळ्यावर तशीच ठेवली, तर वारशाचे रूपांतर गुन्ह्यात होते.