बोटातल्या कड्या

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच! ते असतात कोपराच्या खाली. तिथून निघालेले टेंडन सायकलच्या ब्रेक केबलसारखे बोटांच्या टोकापर्यंत जातात आणि ही केबल हाडाला धरून ठेवतात छोट्या कड्या, म्हणजे पुली. प्रत्येक बोटात पाच, ए१ ते ए५. त्यातल्या ए२ आणि ए४ सगळ्यात महत्त्वाच्या.

क्लायंबिंगमध्ये बारीक खाचेवर बोटं दुमडून लटकलं (याला क्रिम्प म्हणतात), की मधला सांधा काटकोनात येतो आणि ताणलेली केबल ए२ला हाडापासून दूर ढकलते. तुटते ती बहुधा अनामिकेतली.

गेल्या पावसाळ्यात वॉलवर मी बिले देत होतो. मित्राच्या बोटातला 'टक्' मला खाली ऐकू आला. सहा महिन्यांत पठ्ठ्या झपाट्याने पुढे गेला होता. गोची तिथेच आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडन आणि कड्यांना मात्र महिने, कधी वर्षं लागतात. इंजिन नवं, ब्रॅकेट जुनी! "जमतंय की" असं स्नायू सांगतात, कड्यांना विचारतं कोण?

तो सध्या बोटात रिंग स्प्लिंट घालून कोड लिहितो. मी शक्य तिथे बोटं उघडी ठेवून पकडतो. आणि बोटाच्या मुळाशी दाबल्यावर दुखलं, तर त्या दिवशी वॉल बंद.