बालेवाडीला जायचंय? आधी पत्र लिहा!

मुलांनो, तुमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली धावपट्टी आहे ना? आमच्याही आहे. लातूरपासून एस.टी.ने तासाभरावर आमचं गाव. पहिला पाऊस पडला, की आमची धावपट्टी वाहून जाते! मग खरा सिंथेटिक ट्रॅक कसा असतो ते पाहायला आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याला, बालेवाडीला गेलो.

तिथलं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलं गेलं. पुढे २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१३ साली आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धाही तिथेच झाल्या. आम्ही रात्रभर प्रवास करून पोचलो, तर आत स्पर्धा चालू! चूक माझीच. पत्र पाठवून तारीख ठरवलीच नव्हती. पोरांनी ट्रॅक पाहिला तो कठड्याआडून. पाचवीतली एक मुलगी तर चपला काढून हातात धरून उभी होती. तशीच परत आली बिचारी.

ती आता सातवीत आहे, आणि आमची शाळा सातवीपर्यंतच. म्हणून यंदा जायचंच! मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रात तारीख, मुलांची संख्या आणि एक सरळ प्रश्न: मुलांना ट्रॅकवर थोडं चालू द्याल का? शिवाय पालकांची संमतिपत्रं. (मुलींच्या घरी मी स्वतः जाणार आहे. "पोरीला एवढ्या लांब कशाला?" याचं उत्तर चिठ्ठीने देता येत नाही.) बालेवाडी पुण्याच्या पश्चिमेला, आपण येणार पूर्वेकडून; म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. तेवढा वेळ हाताशी ठेवा. नांदेडच्या दोस्तांनो, तुमचा प्रवास तर आणखी लांबचा!

तिथे काय पाहाल? सर्वांत आतल्या पट्टीतून एक फेरी ४०० मीटरची. बाहेरची फेरी मोठी, म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत आठव्या पट्टीतला खेळाडू सुमारे ५३ मीटर पुढून सुटतो. लबाडी नव्हे हं, गणित आहे! स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डाही शोधा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. ३००० मीटरमध्ये २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाणी ओलांडायचं. नुसतं ऐकूनच दम लागतो ना?

पत्र काल पोस्टात टाकलं. पाकिटावरचा पत्ता त्या सातवीतल्या मुलीनेच लिहिला, दोनदा तपासून. आता रोज मधल्या सुट्टीत ती विचारते, "बाई, पोस्टमन आला का?"