राणीच्या बागेत, कॅमेरा हाती घेऊन

घरच्या समारंभात वडीलधाऱ्यांना मधोमध बसवून त्यांचे छायाचित्र काढण्याची आपली रीत आहे. त्यात आदर असतो. पण ‘आजोबा, आज तुम्ही काढा’ असे म्हणून कॅमेरा त्यांच्या हाती देणारे क्वचितच भेटतात. उतारवयात माणूस हळूहळू पाहणारा न राहता पाहिला जाणारा होतो. कोणी त्याचा रक्तदाब पाहते, कोणी औषधे, कोणी पथ्य. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात मात्र त्याला पुन्हा पाहणाऱ्याची जागा मिळते. म्हणून अशा एखाद्या मंडळासोबत आपण एका सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे, असे सुचवावेसे वाटते.

मुंबईला ही हौस नवी नाही. छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जगापुढे आली आणि अवघ्या 15 वर्षांत, 1854 साली, येथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या आश्रयाने 1856 पासून हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा एक मासिक संग्रहही निघू लागला. सोसायटीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. व्यवसायाने ते वैद्यक. रुग्णसेवेच्या जोडीने त्यांनी कॅमेराही जोपासला. पुढे 1937 मध्ये मुंबईतच ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली. आज लहानमोठ्या शहरांत चालणारी मंडळे याच परंपरेतील आहेत.

नारायण दाजींचे बंधू डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव लाभलेले वस्तुसंग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे. 1872 मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूला त्यांचे नाव 1975 मध्ये देण्यात आले. तिच्याबाहेर घारापुरीहून आणलेला पाषाणाचा हत्ती उभा आहे. सकाळचे तिरपे ऊन त्याच्या खडबडीत अंगावर पडले, की प्रत्येक भेगेला सावली मिळते. पुढे गेल्यावर गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा दिसतो. कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडावर येतात, तर उर्वशीचे लालसर घोस हंगामात झुंबरांसारखे लोंबतात. मान फार उंचावावी लागत नाही आणि दूरवर धावावेही लागत नाही. बाकावर बसूनही बरेच टिपता येते.

मंडळाचा खरा लाभ सहलीनंतर मिळतो. मासिक बैठकीत प्रत्येकाचे चित्र पडद्यावर येते. रचना, प्रकाश, पार्श्वभूमी यांवर मोकळी चर्चा होते. निवडक चित्रे प्रदर्शनात लागतात, स्पर्धांना जातात. ज्यांना ऐकू कमी येते, ते गप्पांत मागे पडतात आणि मग घराबाहेर पडणेच टाळतात. अशा माणसाला येथे फारसे बोलावे लागत नाही. त्याचे चित्र बोलते आणि पाहणारे त्याच्याकडे वळतात.

अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 60 ते 90 वर्षे वयाच्या व्यक्तींना तीन महिने, आठवड्याला सुमारे 15 तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकवले. अशा नव्या, कष्टसाध्य कौशल्याने स्मरणशक्तीत सुधारणा दिसली. केवळ गप्पागोष्टी व ओळखीचे खेळ यांत रमलेल्यांत ती तशी दिसली नाही, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास सांगतो. स्मृतिभ्रंशावरचे हे औषध नव्हे. पण मेंदूला नवे काम देणे हिताचे आहे, एवढे यातून नक्की घ्यावे.

निघण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. चालताना कॅमेऱ्यात पाहू नये. आधी थांबावे, पाय स्थिर करावेत, मग चित्र घ्यावे. चौकट साधण्यासाठी मागे सरकणे हे पडण्याचे मोठे कारण ठरते. सोबत्याने पाठीमागे लक्ष ठेवावे. हात कापत असतील तर कोपरे छातीशी टेकवावीत किंवा मोबाइल बाकाच्या पाठीवर ठेवून टायमर लावावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पायऱ्यांवर विशेष जपावे. पाणी, टोपी आणि मधुमेह असल्यास खाऊ जवळ असावा. बुधवारी बाग बंद असते, हेही ध्यानात असू द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. चित्र तिरके आले, धूसर आले, तरी कॅमेरा काढून घेऊन ‘मी काढून देतो’ असे म्हणू नका. त्यांनी हत्तीचा केवळ कान टिपला असेल, तर कान का, एवढे विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. त्या उत्तरात आपल्याला आजवर न भेटलेले आपलेच वडील किंवा आई भेटण्याचा संभव आहे.